चौतीस सांगतो, बेचाळीस आहे

सोमवारी सकाळी मास्तरांनी कोटाची उजवी बाही कापायला घेतली तेव्हा फोन पहिल्यांदा वाजला. डावी बाही कापून होईपर्यंत तो अकरा वेळा वाजून गेला होता. बाराव्या वेळी मास्तरांनी कात्री खाली ठेवली, खडू कानावर खोचला आणि फोन उचलला.

"मास्तर, हप्त्याचं काय झालं?" पलीकडे वसुलीवाला.

"तयार आहे साहेब. फक्त काज-बटण राहिलंय."

"काय राहिलंय?"

"काज-बटण. म्हणजे काम झाल्यातच जमा आहे. तुम्ही परवा या."

"अहो, मी हप्ता मागतोय, हप्ता! पँट नाही!"

"तेच तर. घाई केली की बिघडतं. परवा निवांत या, एकदा ट्रायल घेऊ."

असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला आणि बाहीकडे वळले. कर्जवसुलीच्या धंद्यात तो पोरगा नवा असावा. टाळायच्या धंद्यात मास्तरांची वीस वर्षं झाली होती.

त्या रस्त्यावर त्यांना 'परवा मास्तर' म्हणत. हात असा की त्यांनी शिवलेला कोट घातला की माणूस दोन इंच उंच वाटायचा. अडचण एकच होती. ते कापड सुरेख कापायचे, पण दिलेली तारीख त्याहून सुरेख कापायचे. दुकानातल्या दांडीवर आत्ता तेवीस कपडे लटकत होते. कुणाला कॉलर नव्हती, कुणाला बाह्या नव्हत्या, काही नुसतेच कच्च्या शिलाईवर तग धरून होते. गिऱ्हाईक आलं की मास्तर त्यातला एक लांबूनच दाखवायचे आणि म्हणायचे, "झालंय हो! काज-बटण तेवढं बायकोकडे अडकलंय."

बायको घरी बसून काज-बटण करायची. खरं म्हणजे कपडा तिच्याकडे पोचला की अर्ध्या तासात परत यायचा. पण हे गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं, आणि गिऱ्हाइकांना काय सांगितलं जातं हे बायकोला माहीत नव्हतं. वीस वर्षांचा संसार या एका गैरसमजावर छान उभा होता.

कर्ज होतं मोटारीवर चालणाऱ्या नव्या शिलाई मशीनचं. मशीन झकास होतं, नुसतं पाय टेकवला की पळायचं. पण कपडे पुरे होत नव्हते म्हणून गिऱ्हाइकांकडून पैसे येत नव्हते, आणि पैसे येत नव्हते म्हणून तीन हप्ते थकले होते.

मंगळवारी फोनवर पोरगा नव्हता. एक बाई होत्या. त्यांचा आवाज इस्त्रीसारखा होता, सपाट आणि गरम.

"शनिवारी दुपारी बारा वाजता टेम्पो येईल. मशीन उचलून नेणार."

"बाई, मशीन नेलं तर मी शिवू कशावर? आणि शिवलं नाही तर तुमचे पैसे देऊ कुठून?"

"तो तुमचा प्रश्न. आणि उद्यापासून तुमच्या फोनमधल्या सगळ्यांना आमचे फोन जाणार. कर्ज घेताना तुम्ही परवानगी दिलीय."

मास्तरांना आठवलं. कर्ज घेताना फोनवर पंधरा-वीस वेळा 'मान्य' असं आलं होतं. त्यांनी सरळ शिलाई मारावी तसं सगळीकडे दाबून टाकलं होतं.

तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. मास्तरांनी तिला हसत हसत सांगितलं, "म्हणे फोनमधल्या सगळ्यांना सांगणार. सांगू दे की! माझ्या फोनमध्ये आहे कोण? सगळी गिऱ्हाइकं. मी उशीर करतो हे त्यांना कुणी नव्यानं सांगायला पाहिजे का?"

बायको हसली नाही. डब्याचं झाकण हातात तसंच राहिलं.

"अहो... पण नावं?"

मास्तरांच्या तोंडातला घास जागच्या जागी थांबला.

त्याचं असं होतं की मास्तरांना नावं लक्षात राहत नसत. चेहरेही राहत नसत. पण शरीर एकदा टेपखाली आलं की जन्मभर विसरायचे नाहीत. त्यामुळे फोनमध्ये तीनशे बारा नंबर होते आणि त्यात माणसाचं म्हणावं असं नाव एकही नव्हतं. समोरच्या शाळेच्या मोठ्या बाई तिथे 'डावा खांदा पडका' होत्या. कोपऱ्यावरचे वकीलसाहेब दरवेळी कंबर चौतीस लिहायला लावत, म्हणून ते 'चौतीस सांगतो, बेचाळीस आहे' होते. कुणी 'ढेरी आत घेऊन उभा राहतो', कुणी 'बसला की उसवतो'. नात्यातली माणसंही सुटली नव्हती.

"माझ्या आईला काय लिहिलंय?" बायकोनं विचारलं.

"आईंना? आपलं... आदरानंच लिहिलंय."

"काय?"

"आडवी कात्री."

"आणि मला?" असं तिनं विचारलं तेव्हा मास्तरांना जोराचा ठसका लागला, आणि पाणी पिऊन होईपर्यंत एक गिऱ्हाईक आलं.

बुधवारी सकाळी दहाला कंपनीनं कामाला सुरुवात केली. कंपनी शिस्तीची होती. अक्षरांच्या क्रमानं जायची आणि आधी माणूस तोच आहे याची खात्री करून घ्यायची. त्यामुळे पहिला फोन मास्तरांच्या सासूबाईंना गेला.

"नमस्कार. आपण आडवी कात्री बोलताय का?"

सासूबाईंनी त्या पोराला जे ऐकवलं त्यानंतर तो म्हणे पाच मिनिटं नुसता पाणी पीत होता. पण पगारी माणूस, थांबून चालतं थोडंच. तो एकेक नंबर लावत 'च'पर्यंत आला. वकीलसाहेब तेव्हा अशिलासमोर बसले होते आणि फोन मोठ्या आवाजावर होता.

"नमस्कार. चौतीस सांगतो, बेचाळीस आहे, यांच्याशी बोलू शकतो का?"

अशील हुशार होता. त्यानं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा वकिलांच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीबाहेर पाहत बसला.

शाळेच्या बाईंना फोन आला तेव्हा त्या शिक्षकांची बैठक घेत होत्या. 'डावा खांदा पडका' हे शब्द ऐकल्यावर आठही शिक्षकांची नजर एकाच जागी गेली, आणि सहा वर्षं जी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती ती सगळ्यांना एकदमच दिसली.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधी बाहेर गर्दी. मास्तरांनी लांबूनच पाहिलं आणि परत फिरायचा विचार केला, पण तोवर वकीलसाहेबांनी त्यांची कॉलर धरली होती. कॉलर मास्तरांनीच शिवलेली होती, त्यामुळे फाटून हातात आली नाही.

"दावा लावीन! अब्रूचा!" वकीलसाहेब गरजले. "बेचाळीस? कुणाची बेचाळीस? आत्ताच्या आत्ता बदल ते!"

"बदलतो ना साहेब. काय लिहू?"

"खरं ते लिही. चौतीस!"

"बरं." मास्तरांच्या गळ्यात टेप होतीच. बोलता बोलता हाताच्या सवयीनं ती वकिलांच्या कमरेभोवती फिरली. सगळी गर्दी पुढे वाकली. मास्तरांनी आकडा वाचला आणि हळूच म्हणाले, "साहेब, आता राहू द्या. बेचाळीसवरच राहू द्या. नाहीतर वाढवायला लागेल."

शाळेच्या बाई फस्सकन हसल्या. वकीलसाहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला हसायला काय झालं? तुम्हाला काय लिहिलंय?"

"ते खाजगी आहे," बाई म्हणाल्या आणि नकळत डावा खांदा वर उचलला.

"मास्तर, यांचं काय हो?" मागून कुणीतरी विचारलं. "आणि त्या दूधवाल्याचं?" "आणि आमच्या साहेबांचं सांगा की!" बघता बघता गर्दीचा राग उतरला आणि त्या जागी निराळीच भूक दिसायला लागली. स्वतःचं नाव ऐकून भांडायला आलेली माणसं दुसऱ्याचं नाव ऐकायला थांबली होती.

मास्तरांनी दुकान उघडलं तशी गर्दी आत शिरली, आणि नेमकी त्याच वेळी बायको आली. हातात फोन होता.

"मला फोन आला होता," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "'काज-बटण बोलताय का?' म्हणून."

मास्तरांनी कसंनुसं हसून पाहिलं. ते सुटलेही असते. शेवटी नाव काही वाईट नव्हतं. पण वकीलसाहेब पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, बरं झालं भेटलात. अहो, तेवढं माझ्या कोटाचं काज-बटण करून टाका की! सहा महिने झाले तुमच्याकडे अडकलाय."

"माझ्याकडे?"

"माझा कुर्तासुद्धा," शाळेच्या बाई म्हणाल्या. "तुमचे हात दुखतात, कळतं मला. पण दोन बटणांना चार महिने म्हणजे..."

"माझे हात दुखतात?"

"मास्तर तर म्हणाले होते," कुणीतरी मागून म्हणालं, "की वहिनींना काज दिसतच नाही हल्ली."

बायकोनं दांडीवरच्या तेवीस कपड्यांकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मास्तर सुईत दोरा ओवण्यात गढून गेले होते. सुईत दोरा आधीपासूनच होता, तरी ते ओवत होते.

"वीस वर्षं," ती शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे अडकलंय म्हणून सांगताय होय? ठीक आहे. आता खरंच अडकवते. आजपासून काज नाही आणि बटणही नाही."

ती निघूनही गेली. मास्तर आयुष्यभर जे खोटं सांगत आले होते ते एका मिनिटात खरं झालं होतं, आणि नेमकं आता ते कुणाला सांगून उपयोग नव्हता.

भानावर आल्या त्या पहिल्यांदा शाळेच्या बाई. "एक गोष्ट लक्षात घ्या," त्या फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या म्हणाल्या. "यांचे हप्ते भरले जात नाहीत तोपर्यंत ते लोक आपल्याला रोज फोन करणार. रोज ती नावं घेणार. माझ्या शाळेत, वकीलसाहेबांच्या अशिलांसमोर. हप्ते कधी भरले जातील? आपण शिलाई दिली की. आपण शिलाई कधी देणार?"

"कपडे मिळाले की," वकीलसाहेब म्हणाले.

"म्हणजे आता काय करायचं?"

"वहिनींच्या पाया पडायचं."

अख्खं शिष्टमंडळ मास्तरांच्या घरी गेलं. मास्तर सगळ्यात मागे. बायको दारातच उभी राहिली आणि तिनं दोनच अटी घातल्या. "एक, पैशाची पेटी माझ्याकडे. दोन, गिऱ्हाइकाला तारीख मी देणार, यांनी तोंड उघडायचं नाही."

"मंजूर!" गिऱ्हाइकं एका सुरात ओरडली. मास्तरांना कुणी विचारलंच नाही.

शुक्रवारी त्या दुकानात जे काम झालं ते पाहायला रस्ता थांबत होता. शाळेच्या बाई फूटपट्टी घेऊन मशीनशेजारी बसल्या होत्या. मास्तरांचा पाय जरा थांबला की पट्टी टेबलावर आपटायची. वकीलसाहेब कोटाचं अस्तर धरून उभे. दूधवाला इस्त्री करत होता. मास्तरांनी दोनदा सवयीनं "हे जरा परवा" असं म्हणायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पट्टी आपटली. मागच्या बाकावर बायको काज करत होती, बटण लावत होती, तोंडानं दोरा तोडत होती आणि पैसे मोजून पेटीत टाकत होती. कंपनीला तीन महिन्यांत जे जमलं नव्हतं ते शाळेच्या बाईंनी एका दिवसात करून दाखवलं. संध्याकाळी सहाला दांडी रिकामी झाली. गेल्या कित्येक वर्षांत ती कुणी रिकामी पाहिली नव्हती. दांडीमागे भिंतीला खिडकी आहे हे तेव्हा कळलं.

बायकोनं तिथल्या तिथे तीन हप्ते भरले. पाचच मिनिटांत इस्त्रीच्या आवाजाच्या बाईंचा फोन आला.

"तीन हप्ते मिळाले. धन्यवाद. आता दंड. तो दोन हप्त्यांएवढा आहे. उद्या बारापर्यंत भरा, नाहीतर टेम्पो येतोय."

पेटीत आता भाड्यापुरते पैसे होते. वकीलसाहेबांनी कोट अंगावर चढवला होता, शाळेच्या बाईंनी कुर्ता पिशवीत घातला होता. ज्यांचं काम झालं होतं ते घरी निघाले होते. बायकोनं मशीनवर हात ठेवला. "माझं काम मी केलं," ती म्हणाली. "आता काय करायचं हो?" मास्तरांनी सवयीनं दांडीकडे पाहिलं, पण तिथे लांबून दाखवायला एकही कपडा उरला नव्हता.

पण इकडे एक निराळाच प्रकार सुरू झाला होता. हप्ते मिळाल्यामुळे कंपनीनं फोन करणं थांबवलं होतं, आणि तोवर त्यांची गाडी 'प'पर्यंतच आली होती. म्हणजे 'फ'पासून पुढची सव्वाशे माणसं कोरडीच राहिली. त्यात मेडिकलवाला होता, सलूनवाला होता, मास्तरांचा दुकानमालकसुद्धा होता. ही मंडळी दोन दिवस इतरांना मनसोक्त हसली होती. आता त्यांना झोप लागेना.

"मास्तर, माझं काय लिहिलंय हो?" मेडिकलवाल्यानं येऊन हळूच विचारलं.

"काही नाही, चांगलंच आहे," मास्तर म्हणाले. अटीप्रमाणे त्यांना याहून जास्त बोलायची परवानगी नव्हती. मेडिकलवाल्याला मान नव्हती, डोकं सरळ खांद्यावर ठेवल्यासारखं होतं. 'चांगलंच आहे' ऐकून त्याचा चेहरा आणखी खाली गेला.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की नावं कंपनीकडे आहेत आणि कंपनीचा नंबर तर सगळ्या रस्त्याकडे आहे.

शनिवारी बाराला टेम्पो आला. दोन हमाल उतरले आणि त्यांच्या मागून तो सोमवारचा पोरगा, वसुलीवाला. मास्तरांनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. छाती एकोणतीस, बाही लांब, झोप नाही. तो दुकानात येऊन "मशीन" एवढं म्हणाला आणि त्याचा फोन वाजला.

"हॅलो. नाही सर. नाही सांगता येणार सर. सर, तुमचं नाव काय लिहिलंय ते आम्ही सांगू शकत नाही, सर." त्यानं फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. "नाही मॅडम. नाही, तुमच्या मिस्टरांचंही नाही." पुन्हा वाजला. तिसऱ्या फोननंतर तो स्टुलावर मटकन बसला.

"पाणी द्या गं कुणीतरी," बायको म्हणाली आणि स्वतःच उठली.

"मास्तर," पोरगा पाणी पिऊन म्हणाला, "तुमची माणसं आवरा हो. कालपासून एकशे चाळीस फोन. जेवताना, अंघोळ करताना. आमच्या मॅडम काल रडल्या. त्या कधी रडत नाहीत."

"मग सांगून टाका की त्यांना नावं," मास्तर म्हणाले.

"सांगितलं ना! काल तुमच्या दुकानमालकाला सांगितलं, 'भाडं मागतो, शर्ट धुवत नाही.' तासाभरात वकिलाची नोटीस आली. कमरेचे कुणी वकील आहेत तुमच्याकडे, त्यांनी कंपनीवर दावा लावायचं लिहिलंय. तेव्हापासून नावं सांगायची बंदी. आणि आमच्याकडे नियम असा की आलेला प्रत्येक फोन घ्यायचाच. नाही उचलला तर तासाभरात आपण लावायचा. लावला की ते पुन्हा विचारतात. ऑफिसमध्ये वसुलीचं काम बंद आहे, मास्तर! साहेब म्हणाले, मशीन आणलंस तरी चालेल, नाही आणलंस तरी चालेल, पण हा माणूस बंद करून ये."

मास्तर बोलणार तेवढ्यात बायकोनं पेटी मांडीवर घेतली आणि गिऱ्हाइकाला तारीख द्यावी तसं विचारलं, "दंडाचं काय?"

"तो माफ करायचा अधिकार मला नाही, काकू."

त्याचा फोन वाजला. त्यानं पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"घ्या," बायको म्हणाली. "नियम आहे ना."

फोन घेऊन झाल्यावर त्यानं आपल्या साहेबांना लावला. बोलणं दोन मिनिटांचंच होतं. मग त्यानं दंड माफ झाल्याचा कागद लिहिला, खाली सही केली, शिक्का मारला. बायकोनं तो दोनदा वाचला, घडी घालून पेटीत ठेवला, आणि मशीनवर बोट फिरवून पुसलेलं होतं तेच पुन्हा पुसलं. हमाल रिकाम्या हातांनी टेम्पोत जाऊन बसले.

"आता तरी," पोरगा उठता उठता म्हणाला, "बाहेर ते सगळे उभे आहेत, त्यांना तुमच्या तोंडानं त्यांची त्यांची नावं सांगून टाका. म्हणजे आमच्यामागचा जाच संपेल."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं बोलायची परवानगी दिली. मास्तरांनी गळ्यातली टेप सारखी केली, घसा साफ केला, आणि अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले,

"काय बोलताय साहेब! ती गिऱ्हाइकांची खाजगी माहिती आहे. एवढी मोठी कंपनी तुमची, तुम्हाला एवढं कळू नये?"